तोळाभर शिसे

सराफाच्या पेढीवर ज्या तोळ्याने पिढ्यान् पिढ्या सोने जोखले गेले, तो तोळा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३३ साली १८० ग्रेनांवर कायम केला. आणि पुढे १९०६ साली अमेरिकन लष्कराने जे काडतूस स्वीकारले व जे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या नावाने जगभरच्या शिकाऱ्यांच्या परिचयाचे झाले, त्यात मोठ्या हरणासाठी घातली जाणारी एक नित्याची गोळीही नेमकी १८० ग्रेनांचीच, म्हणजे तोळाभर वजनाची असते. दीडशे ग्रेनांची गोळी म्हणजे दहा मासे, आणि शंभर ग्रेनांची म्हणजे पुरते सात मासेही नव्हेत. इंग्रजी पौंडाचे सात हजार भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे ग्रेन, आणि इतक्या बारीक मापाने मृत्यूचे साधन मोजावे लागते याचे कारण असे की, या काही माश्यांच्या फरकावर एखादे जनावर पन्नास पावलांत कोसळते की पोटात गोळी घेऊन दोन दिवस डोंगरात तडफडत राहते, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

हा प्रश्न जिथे केवळ हौसेचा राहिलेला नसून सरकारी जबाबदारीचा झाला आहे, असा मुलूख म्हणजे स्कॉटलंड. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा दरवाजा बंद केला, आणि तो बंदच राहावा असे मला मनःपूर्वक वाटते. सांबर-चितळांची संख्या आवरायला आपल्या रानांत अजून वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे आहेत. स्कॉटलंडच्या डोंगरांतला लांडगा केव्हाच निर्वंश झाला, अस्वल आणि लिंक्स तर त्याच्याही आधी गेले, आणि आज तिथल्या तांबड्या हरणाला माणसावाचून दुसरा वैरी उरलेला नाही. १९९० च्या सुमारास देशातली सारी हरणे मिळून पाच लाख होती, ती आता दहा लाखांच्या घरात गेली असावीत असा अंदाज केला जातो. त्यांच्या चरण्यामुळे पाइन आणि बर्च यांची रोपे वर येऊ शकत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात चाऱ्याअभावी अशक्त हरणे दऱ्याखोऱ्यांत मरून पडतात. तेव्हा दर वर्षी हरणे मारावी लागतात. ती मारावीत की नाही, हा वाद तिथेही आहे आणि तो आदरणीय आहे. परंतु मारावयाचीच ठरल्यावर ती कशी मारावीत, या प्रश्नाला उत्तर देण्याचे कर्तव्य कोणत्याही सुसंस्कृत राज्याला टाळता येत नाही.

स्कॉटलंडच्या सरकारने ते उत्तर १९८५ च्या एका हुकुमाने आकड्यांत लिहून ठेवले. कोणत्याही जातीच्या हरणावर झाडावयाची गोळी शंभर ग्रेनांहून हलकी नसावी, नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला २४५० फुटांहून आणि ऊर्जा १७५० फूट-पौंडांहून कमी नसावी, असा त्याचा मजकूर होता. रो नावाचे जे लहानसे, वीस-पंचवीस किलोंचे हरीण आहे त्याच्यापुरती सवलत दिली गेली आणि तिथे पन्नास ग्रेनांची गोळी व हजार फूट-पौंडांची ऊर्जा पुरेशी मानली गेली. इंग्लंड आणि वेल्स यांच्या १९९१ च्या हरीण कायद्याने निराळी वाट धरली. त्याने गोळीच्या वजनाऐवजी नळीचा व्यास मोजला आणि तो एक इंचाच्या हजार भागांपैकी २४० भागांहून कमी नसावा व ऊर्जा १७०० फूट-पौंडांहून उणी नसावी असे ठरवले. दोन्ही कायद्यांत एक कलम मात्र समान आहे, आणि माझ्या मते तेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे: गोळी मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाची, म्हणजे देहात शिरल्यावर फुलणारीच असली पाहिजे.

या कलमाचा इतिहास आपल्या देशातून जातो. ब्रिटिश लष्कराने १८८८ नंतर जी ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल घेतली तिची गोळी २१५ ग्रेनांची, गोल नाकाची आणि कठीण धातूच्या अखंड आवरणात बंद केलेली होती. ती इतक्या सरळ आरपार जाई की, १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत घायाळ झालेला शत्रू थांबत नाही अशा तक्रारी अधिकाऱ्यांच्या दप्तरात येऊन पडल्या. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने आवरणाचे टोक उघडे ठेवून आतले शिसे बाहेर डोकावेल अशी गोळी तयार केली, आणि त्या गावाचे नाव जगाच्या युद्धशास्त्रात कायमचे नोंदले गेले. माणसाच्या देहात फुलून भयानक जखम करणारी ही गोळी सुसंस्कृत राष्ट्रांनी परस्परांवर झाडू नये, असा ठराव १८९९ साली हेगच्या परिषदेत झाला. आता पाहा, जी गोळी सैनिकाने वापरली तर आंतरराष्ट्रीय निर्बंधाचा भंग होतो, तीच शिकाऱ्याने न वापरली तर तो गुन्हेगार ठरतो. वरवर पाहणाऱ्याला हा विरोध वाटेल, परंतु दोन्ही निर्बंधांच्या मुळाशी करुणाच आहे. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ केले की हेतू साधतो, तो जगला तरी चालते, किंबहुना त्याने जगावे असेच धर्मयुद्धाला वाटते. हरणाच्या बाबतीत मात्र जखमी होऊन जगणे हीच सर्वांत मोठी क्रूरता होय, आणि म्हणून तिथे कायदा अर्धवट जखमेला मज्जाव करतो.

आवरणबंद लष्करी गोळी हरणाच्या फुप्फुसांतून गेली तर बारीकसे छिद्र पाडून पलीकडे निघून जाते, आणि ते जनावर कळपाबरोबर मैलभर धावत जाऊन कुठल्या तरी ओढ्यात मरते. फुलणाऱ्या गोळीचे कार्य निराळे. ती कातडीआड गेल्यावर क्षणार्धात तिचे टोक मागे दुमडते, व्यास जवळजवळ दुप्पट होतो आणि आपल्या गतीतली शक्ती ती वाटेतल्या मांसपेशींना देऊन टाकते. फुप्फुसे फाटतात, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुटतात, मेंदूला जाणारे रक्त थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. हृदयावर नेमकी बसलेली गोळी घेऊनही हरीण जागच्या जागी पडत नाही. पन्नास-साठ पावले ते पूर्ण वेगाने धावते आणि धावताधावताच निष्प्राण होते. नेम धरावयाचा तो पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाशी. डोके किंवा मान लक्ष्य करणारे आहेत, परंतु ज्यांनी गोळीने जबडा उडालेले हरीण एकदा पाहिले ते पुन्हा डोक्याकडे नळी वळवीत नाहीत.

इन्व्हरनेसच्या पश्चिमेला एका दरीत मी गेलो तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता, नरांच्या माजाचा हंगाम ओसरला होता आणि माद्या मारण्याचे दिवस सुरू झाले होते. जमीनदारीच्या डोंगरावर हरणांचा माग काढणारा आणि त्यांची राखणही करणारा जो नोकर असतो त्याला तिथे स्टॉकर म्हणतात. मला ज्यांनी आपल्या खोलीत बसवून घेतले ते गृहस्थ साठीच्या पुढचे होते आणि त्यांचे वडीलही त्याच डोंगरावर हेच काम करीत असत. मारलेले जनावर टांगून थंड ठेवण्याची जी स्वच्छ, पांढऱ्या फरशांची खोली घराला लागून होती, तिच्या खिडकीतल्या एका डबीतून त्यांनी दोन गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. पहिली शिशाची, तांब्याच्या पातळ आवरणाची. दीडशे ग्रेनांची ती गोळी एका नराच्या पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली अडकलेली सापडली होती. तिचे टोक पावसाळी अळंबीच्या छत्रीसारखे मागे उलटले होते, कडा फाटून करड्या शिशाचे ओरखडे त्यांवर पसरले होते, आणि त्यांनी छोट्या काट्यावर ती घातली तेव्हा वजन शंभर ग्रेनांच्या आतच भरले. उरलेला तिसरा हिस्सा कुठे गेला, असे मी विचारले. तो मांसात राहिला, असे त्यांनी शांतपणे सांगितले. दुसरी गोळी सबंध तांब्याची होती; तिच्या तोंडाच्या चार पाकळ्या रेखीवपणे मागे वळल्या होत्या, त्यांवर नळीतल्या आट्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, आणि वजनात घट अशी जवळजवळ नव्हतीच.

गोळीचे वजन म्हणजे मुख्यतः खोलीचा जामीन. सारख्या व्यासाच्या दोन गोळ्यांपैकी जी जड ती लांब असते, ती वाऱ्याला आणि हाडाला कमी दाद देते व देहात अधिक खोल जाते. वेग वाढवला तर ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढते, परंतु अतिवेगाने आदळलेली हलकी आणि मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून जाण्याची भीती असते, आणि मग वरवर भयंकर पण उथळ अशी जखम होते जिने जनावर मरत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा याची उत्तरे शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी आपापल्या काडतुसांतून दिली. स्वीडन आणि नॉर्वे यांनी १८९४ साली ठरवलेले साडेसहा मिलिमीटर व्यासाचे काडतूस आजही त्या देशांत मोठ्या हरणांसाठी विश्वासाने वापरले जाते. त्याची १४० ग्रेनांची बारीक, लांब गोळी मंद म्हणावी अशा वेगाने निघते, खांद्याला धक्का हलका देते आणि खोल जाते. १९२५ चे ‘टू-सेव्हन्टी’ याच्या उलट प्रकृतीचे. १३० ग्रेनांची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर फेकणारे, उघड्या डोंगरावर लांबच्या नेमासाठी अमेरिकनांनी डोक्यावर घेतलेले. १९५२ चे ‘थ्री-नॉट-एट’ दीडशे ग्रेनांना २८०० फुटांचा वेग देते व सुमारे २६०० फूट-पौंडांची ऊर्जा निर्माण करते. मध्यम अंतरावर कोणत्याही हरणाला ते पुरून उरते. आणि १९५५ चे ‘टू-फोर्टी-थ्री’, ज्याची शंभर ग्रेनांची गोळी जणू स्कॉटलंडच्या हुकुमावर बोट ठेवूनच ओतली असावी अशी काठावर उतरते. गणित करून पाहिले तर शंभर ग्रेनांना १७५० फूट-पौंड भरण्यासाठी सेकंदाला २८०७ फूट वेग लागतो, आणि हे काडतूस लांब नळीतून २९५० च्या आसपास देते. नळी आखूड असली की तो वेग घटतो आणि मनुष्य नकळत कायद्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

मराठी वाचकाला आणखी एक काडतूस नावाने नसले तरी कीर्तीने ठाऊक आहे. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली जी रिग्बीची ‘टू-सेव्हन्टी-फाइव्ह’ रायफल भेट मिळाली, तिचे काडतूस म्हणजे १८९२ सालचे जर्मन मौझर कारखान्याचे सात मिलिमीटरचेच काडतूस होय. १४० ग्रेनांच्या फुलणाऱ्या गोळीसह ते आजही हरणासाठी उत्तम मानले जाते. आपल्या देशात पुढे शिकाऱ्यांच्या हाती ‘थ्री-फिफ्टीन’ बोअर आले ते निराळ्या कारणाने, कारण लष्करी व्यासाची काडतुसे नागरिकांस मना होती. परवान्याच्या कलमाने निवडलेले ते काडतूस होते, जनावराच्या देहाने निवडलेले नव्हे. निवडीला असा सरकारी फाटा पुष्कळ ठिकाणी फुटलेला आढळतो आणि काडतुसांच्या इतिहासात तो नीट नोंदवला जात नाही, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

याच सात मिलिमीटरने वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. हत्तीच्या कवटीचा उभा छेद घेऊन मेंदूची जागा त्यांनी पाठ केली होती आणि हात असा स्थिर होता की, इतरांना ज्या कामाला पाचशे ग्रेनांची गोळी लागे ते त्यांची आवरणबंद लहान गोळी करी. उतारवयात ते हायलँडमध्ये येऊन राहिले, आणि पन्नास ग्रेनांच्याही आतली गोळी सेकंदाला चार हजार फुटांनी फेकणारे ‘टू-ट्वेन्टी स्विफ्ट’ त्यांनी तांबड्या हरणांवर वापरले. १९५४ साली त्यांचे निधन झाले. आजच्या हुकुमाप्रमाणे त्यांच्या त्या कृतीबद्दल खटला भरला गेला असता. हलक्या गोळीचे पक्षपाती बेल यांचा दाखला हमखास देतात, आणि मला तो दाखला गैरलागू वाटतो. कायदा बेलसाठी लिहायचा नसतो. थंडीने बोटे बधिरलेली, चढण चढून छाती धपापत असलेली आणि वर्षातून एकदाच डोंगरावर येणारी जी सामान्य व्यक्ती, तिच्या चुकीचा भार जनावरावर पडू नये इतकी खोली त्या गोळीत असली पाहिजे.

परंतु याच न्यायाने वजनाचा अतिरेकही निषिद्ध ठरतो. मॅग्नम म्हणून विकली जाणारी जी दारूने ठासलेली काडतुसे आहेत, त्यांचा धक्का खांद्याला असा बसतो की पुढच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच माणूस डोळे मिटतो आणि अंग आवळून घेतो. नेम हातभर सरकतो आणि छातीवरची गोळी पोटात जाते. स्टॉकर म्हणाले की, पाहुणा रायफल घेऊन आला म्हणजे ते आधी काडतुसाचे नाव विचारीत नाहीत, शंभर यार्डांवर लोखंडी हरणाच्या आकृतीवर तीन गोळ्या झाडायला सांगतात आणि त्याची पापणी पाहतात. ज्याची पापणी हलते त्याला ते आपली स्वतःची हलकी रायफल देतात.

पोटात गेलेल्या गोळीचे काय होते, ते त्यांच्याकडून ऐकताना मला जड गेले, तरी ते सांगितलेच पाहिजे. हरीण पाठ कमान करून उभे राहते किंवा मागचे पाय झाडते आणि हळूहळू चालू लागते. जिथे ते उभे होते तिथे जाऊन आधी गवत पाहावे लागते. फेसाळ, फिकट गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस. काळपट असेल तर यकृत. आणि हिरवट, आंबूस वासाचा ओला चोथा असेल तर जठर, जे सर्वांत वाईट. अशा वेळी ताबडतोब मागे धावू नये, कारण पाठलाग झाला की जखमी जनावर प्राण असेपर्यंत पळते. बसून वाट पाहावी, ते कुठे तरी आडोशाला बसेल, मग शिकवलेल्या कुत्र्याला मागावर सोडावे. त्या प्रतीक्षेत माणूस काडतुसांच्या नावांविषयी बोलत नाही, असे ते म्हणाले.

आता त्या डबीतल्या दुसऱ्या गोळीकडे वळतो. मांसात राहिलेल्या शिशाचा प्रश्न फार दिवस शिकाऱ्यांनी मनावर घेतला नव्हता. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या तीस हरणांच्या आतडी काढून साफ केलेल्या देहांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा तिसांच्या तिसांत धातूचे कण आढळले, आणि कित्येकांत ते शंभराहून अधिक होते, जखमेपासून दूरवर विखुरलेले. डोंगरावर टाकून दिलेली आतडी गरुड खातात, तेही विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने काँडोर या महाकाय गिधाडासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना संपूर्ण बंदी केली, आणि ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये तशीच तजवीज जाहीर केली. मोठ्या व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांना तिथे २०२९ पर्यंत मुदत मिळणार आहे.

शिसे गेले की तांबे आले, आणि तांबे आल्याबरोबर १९८५ चा शंभर ग्रेनांचा आकडा अडचणीचा झाला. शिशाची घनता पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून थोडी अधिक, तांब्याची नऊ पटींना किंचित कमी. सबब, शंभर ग्रेनांची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीहून बरीच लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहावी तर नळीतल्या आट्यांनी तिला अधिक वेगाने फिरवले पाहिजे. जुन्या ‘टू-फोर्टी-थ्री’ रायफलींचे आटे दहा इंचांत एक फेरा देतात, आणि तेवढा फेरा त्या लांब तांब्याला पुरत नाही. गोळी हवेतच डगमगते आणि आडवी आदळू शकते. तेव्हा हलकी, आखूड तांब्याची गोळी घ्यावी तर हुकूम मोडतो, आणि जड घ्यावी तर नेम मोडतो. शिवाय तांब्याची गोळी फुटून वजन घालवीत नाही, म्हणून देहाच्या मध्यावर पोचते तेव्हा ऐंशी ग्रेनांचे तांबे पुष्कळदा शंभर ग्रेनांच्या फुटक्या शिशाहून जडच उरते. ही गोष्ट मान्य करून स्कॉटलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात मोठ्या हरणांसाठीची किमान मर्यादा शंभर ग्रेनांवरून ऐंशीवर आणली. ऊर्जेचा आकडा त्यांनी हलवला नाही, आणि तेच योग्य झाले; ऐंशी ग्रेनांना १७५० फूट-पौंड भरायचे तर सेकंदाला सुमारे ३१४० फूट वेग हवा, आणि फुलण्यासाठी तांब्याला वेगाचीच अधिक गरज असते.

ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. चाळीस वर्षे सारे शिकारी आणि सरकारी अधिकारी वजनालाच गोळीचा गुण समजत आले. वस्तुतः कायद्याला जे हवे होते ते वजन नव्हते, हृदयापर्यंत अखंड पोचणे होते, आणि शिशाच्या काळात वजन हे त्याचे सोयीचे चिन्ह होते इतकेच. धातू बदलला तेव्हा चिन्ह आणि हेतू वेगळे पडले आणि हेतूला मान देऊन चिन्ह बदलले गेले. मात्र तांब्याचेही दोष आहेत, आणि ते सांगायला तांब्याचे विक्रेते उत्सुक नसतात. दूर अंतरावर वेग एका मर्यादेखाली घसरला की त्याच्या पाकळ्या उघडत नाहीत आणि ती गोळी आवरणबंद लष्करी गोळीसारखी नुसतेच छिद्र पाडून निघून जाते. म्हणजे हेगच्या परिषदेने सैनिकासाठी जे मागितले ते हरणाच्या वाट्याला येते. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी असते. स्टॉकरांच्या ‘थ्री-नॉट-एट’मधून दीडशे ग्रेनांचे तांबे शंभर यार्डांवर चार बोटे विखुरले, १३० ग्रेनांचे अंगठ्याएवढ्या जागेत बसले, आणि त्याचे कारण शोधत न बसता त्यांनी १३० ग्रेनांची पेटी घेतली. अंतराचा नियमही त्यांनी स्वतःपुरता आखून घेतला आहे: पूर्वी शिशाने ते अडीचशे यार्डांपर्यंत चाप ओढीत, आता तांब्याने दोनशेच्या पलीकडे ओढीत नाहीत, आणि पाहुण्यांना दीडशेच्या पुढे परवानगी देत नाहीत.